बिनधान्याचे व्रत

मूल लठ्ठ असणे ही कासारवाडीत व्याधी मानली जात नसे. ती प्रतिष्ठा होती. तीनच वर्षांपूर्वी ज्या वस्तीने दुष्काळात रेशनवर आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी डोळे मिटून गिळल्या होत्या, त्या वस्तीला गुबगुबीत पोर दिसले की काळावर सूड उगवल्याचे समाधान होई. आणि सूड घेणाऱ्याला वजनकाटा कधीच सुचत नाही. यशवंतरावांची एकुलती एक मुलगी छबू हे त्या सुडाचे चालतेबोलते स्मारक होते. वय वर्षे अकरा. आई लहानपणीच गेलेली. आईविना पोर उपाशी राहिली असे कुणी म्हणू नये, या एका धास्तीपायी तिची आजी सोजराबाई तिला दिवसातून सहा वेळा जेवू घाली. उरलेली जबाबदारी गल्ली उचलत असे. छबू रस्त्याने निघाली की दारादारातून हाक येई आणि तिच्या हातावर गुळाचा खडा, चिमूटभर साखर, निदान एक करंजी तरी पडे. मुलाला दारातून रित्या हाताने परत पाठवणे हे तिथे पाप होते. भरल्या हाताने त्याला आजारी पाडणे कोणत्याही स्मृतिकाराने पापांच्या यादीत घातलेले नसल्यामुळे ते पुण्यकर्मांत मोडत होते.

स्वतः यशवंतराव पिंपरीच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. केसाच्या दहाव्या हिश्शाची तफावत असलेला लोखंडी दांडा ते लाल रंगाचा पट्टा ओढून परत पाठवत, आणि सबंध खात्यात त्यांच्याइतका नाकारण्याचा अधिकार गाजवणारा दुसरा कोणी नव्हता. अशा माणसाने अकरा वर्षांत आपल्या मुलीला एकदाही मापाला लावू नये, यात नवल नाही; माप नेहमी दुसऱ्याच्या मालाला लावायचे असते. छबूला तहान फार लागे. तिच्या मानेमागे एक काळा पट्टा उमटला होता. तो मळ आहे असे ठरवून सोजराबाई दर रविवारी तो पाय घासायच्या वजरीने घासत. मळ निघत नसे, कातडी निघे. शेवटी पायावरचे एक गळू महिना झाला तरी भरेना, तेव्हा यशवंतराव तिला चिंचवडला डॉक्टर फरीदांच्या दवाखान्यात घेऊन गेले.

फरीदाबाई वयाने लहान होत्या आणि त्यांचे वाचन मात्र मोठे होते. रोग्यांना हे दोन्ही दोष वाटत. त्यांनी एका काचनळीत निळे औषध घेतले, त्यात छबूच्या लघवीचे आठ थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. औषध निळेच राहिले तर साखर नाही. हिरवे, पिवळे, नारिंगी अशा पायऱ्यांनी ते विटकरी झाले तर साखर पुष्कळ. छबूच्या नळीने पायऱ्या मोजल्या नाहीत. ती थेट विटकरी झाली.

हा पन्नाशीतल्या माणसांचा मधुमेह आहे, असे डॉक्टरबाई म्हणाल्या. वजनामुळे तो अकराव्या वर्षीच आला आहे. धान्य आणि साखर बंद केली, वजन उतरले, तर तो माघार घेण्याची शक्यता आहे. मोठे डॉक्टर याला वेडेपणा म्हणतील, पण जबाबदारी मी घेते; पोर दर आठवड्याला मला दाखवायची.

"नवरात्रापर्यंत वेळ आहे," त्या म्हणाल्या. "तोवर नळी निळी झाली नाही तर रोजची सुई सुरू करू. आणि ती मग बहुधा सुटायची नाही."

सुई हा शब्द ऐकून छबूने वडिलांचे बोट धरले. अठ्ठावन्न किलोच्या त्या पोरीची पकड एखाद्या तान्ह्या मुलाच्या पकडीसारखी होती. यशवंतरावांना ती पुढे अनेक दिवस बोटावर जाणवत राहिली.

डॉक्टरबाईंनी एक चिठ्ठी लिहून दिली. यशवंतरावांनी ती वाचली, नकाशाच्या घडीसारखी नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. त्यांची दुपारची शिफ्ट होती, गाडीची वेळ झाली होती. घरी पोरीला सोडून, उंबऱ्यातच उभ्याने, त्यांनी आईला सगळ्या उपचाराचे सार सांगितले. धंद्याच्या सवयीप्रमाणे त्यात फक्त काय नाकारायचे एवढेच होते: गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, डाळीसुद्धा बंद. गूळ-साखर बंद. बाकी चालेल.

सोजराबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. "म्हंजी उपास. एवढंच व्हय? आधी न्हाई का सांगायचं, माझा जीव नुस्ता घाबरा झालता."

"हो, तसंच," यशवंतराव म्हणाले आणि स्टेशनकडे धावले.

या दोन शब्दांवर पुढचा महिना उभा राहिला. जगात इतरत्र उपवास म्हणजे न खाणे. आपल्याकडे उपवास म्हणजे धान्य वगळून भूतलावर जेवढे म्हणून पिष्ट उपलब्ध आहे तेवढे तुपात परतून खाणे. ज्या संस्कृतीने एका वाक्यात निग्रह सांगितला आणि दुसऱ्या वाक्यात साबुदाणा दिला, तिच्या बुद्धिमत्तेबद्दल शंका घेता येत नाही. हेतूबद्दल घेता येते. सोजराबाईंचा हेतू निर्मळ होता. त्यांनी दुसऱ्याच दिवशी साबुदाण्याची खिचडी केली. तिसऱ्या दिवशी वरईचा भात आणि बटाट्याची भाजी, चौथ्या दिवशी रताळ्याचा कीस. साखर बंद होती, म्हणून शिंगाड्याच्या शिऱ्यात त्या केळे आणि खजूर कुस्करून घालत आणि साखरेचा डबा फळीवर इतका उंच ठेवत की त्यांचा स्वतःचाच हात पोचू नये. या वयात पोरीने एकटीने एवढा कडक उपास करणे त्यांना बघवेना, म्हणून त्याही तिच्याबरोबर उपासाला बसल्या.

गल्लीत बातमी पसरली की यशवंतरावांच्या घरी काही मोठे व्रत धरले आहे. कशासाठी ते कोणी विचारले नाही. व्रताचे कारण विचारणे असभ्य मानतात. समोरच्या आक्काबाईंनी शेतावरची टोपलीभर रताळी आणून दिली. शेजारच्या नूरबींनी भावाने कुवेतहून आणलेला खजूर पाठवला. नूरबींचे यजमान वजीर हे नाक्यावर गॅरेज चालवत, त्यांनी केळ्यांचा घड आणला आणि एवढ्याशा पोरीच्या निश्चयाला सलाम असे गंभीरपणे सांगितले. महिन्याभरात यशवंतरावांना त्या गल्लीत जेवढा मान मिळाला तेवढा त्यांच्या घराण्याला जमीन कंपनीत गेल्यापासून मिळाला नव्हता.

नळी मात्र रोज विटकरी होत होती.

डॉक्टरबाईंनी निळे औषध आणि नळी घरी दिली होती; यशवंतराव रोज सकाळी स्पिरिटचा दिवा पेटवून ती तापवत आणि वहीत रंग लिहीत. डॉक्टरबाई दर आठवड्याला विचारत, सगळे चिठ्ठीप्रमाणे चालले आहे ना? यशवंतराव दुखावल्या स्वरात सांगत की कणसुद्धा इकडचा तिकडे नाही. दोन आठवड्यांनी त्यांना वाटले की औषध बिघडले असावे. खात्यात यंत्रावर संशय आला की एक खात्रीचा चांगला नग लावून बघण्याची पद्धत आहे. त्यांनी आधी स्वतःची तपासणी केली. नळी निळी राहिली. एका नगाने समाधान मानणे नियमात बसत नव्हते. तेव्हा गल्लीतले निवृत्त पैलवान हिंदुराव पुढे झाले. निरोगी माणूस कसा असतो ते बघायचे असेल तर दुसरीकडे कशाला जाता, असे त्यांचे म्हणणे होते. वयाच्या साठीतही ते रोज दोन शेर दूध पीत. छबूला हाच खुराक द्या, असा त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा सल्ला होता, आणि नळी लाल होते म्हणजे रक्त वाढते आहे असे त्यांचे निदान होते.

हिंदुरावांची नळी छबूच्या नळीपेक्षा अधिक लाल झाली. पैलवानांनी ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि मग खालच्या आवाजात विचारले की हे कुणाला सांगायची गरज आहे का. औषधात खोट नव्हती, एवढे सिद्ध झाले. महिनाअखेरीस छबूचे वजन साठ किलो भरले.

याच सुमारास रेशनच्या कचेरीतून नोटीस आली. यशवंतरावांनी दुकानदाराला सांगून ठेवले होते की कार्डावरचा छबूच्या वाट्याचा गहू आणि साखर नको. जास्त साखरेसाठी गयावया करणारे दुकानदाराने आयुष्यभर पाहिले होते. नको म्हणणारा माणूस त्याने प्रथमच पाहिला, आणि घाबरून वर कळवले. त्या वर्षी सरकार नुकतेच कडक झाले होते. कडक सरकारला नियम मोडणारा कळतो. नियमाने दिलेले न घेणारा कळत नाही, आणि जे कळत नाही ते त्याला कट वाटते. जे मूल साखर घेत नाही ते एकतर मेलेले असले पाहिजे किंवा खोटे. कार्डावरील व्यक्ती समक्ष हजर करावी, असा हुकूम होता.

कचेरीत अर्जुनराव नावाचे एक काटकुळे निरीक्षक होते. त्यांनी छबूला नखशिखांत पाहिले. मूल खोटे नाही हे त्यांना मान्य करावे लागले. उलट कार्डात लिहिले आहे त्यापेक्षा ते अधिकच खरे होते. पण त्यामुळे संशय मिटला नाही, वाढला. ही मुलगी महिनाभर साखर आणि धान्य खात नाही असे आपण लिहून द्याल का, असे त्यांनी विचारले. यशवंतराव म्हणाले, देईन. मग हे कशावर पोसले आहे, असे अर्जुनरावांनी अत्यंत सभ्य शब्दांत विचारले. काळ्या बाजारातली साखर हा शब्दप्रयोग त्यांनी टाळला, पण तो टेबलावर होताच.

यशवंतरावांनी अपमान गिळून डॉक्टरबाईंची चिठ्ठी पुढे केली. तीत वर ठळकपणे लिहिले होते: धान्य, डाळी, गूळ, साखर बंद. अर्जुनरावांनी ती वाचली आणि सवयीने उलटली. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही कागद एकाच बाजूने सोडला नव्हता, कारण खरा शेरा नेहमी मागे असतो. चष्मा सारखा करून त्यांनी मागचा मजकूर मोठ्याने वाचला.

"साबुदाणा, बटाटा, रताळे, वरई, शिंगाडा, केळी, खजूर, दूध: धान्याइतकेच अपायकारक, काही तर अधिक. संपूर्ण वर्ज्य. अंडी, मटण, मासळी, पालेभाज्या, ताक पोटभर द्यावे."

"पण आजी मला रोज तेच देते," छबू म्हणाली. "पहिलं वाचलं ते."

हजारो दांडे उलटेसुलटे करून पाहणाऱ्या माणसाने स्वतःच्या मुलीचा कागद उलटला नव्हता. अर्जुनरावांनी चिठ्ठीची मूळ घडी तशीच घातली आणि सुतकात असलेल्या माणसाला द्यावी तशी हलकेच परत दिली.

"तुमचं कार्ड बरोबर आहे," ते म्हणाले. "स्वयंपाकघर तेवढं तपासा."

घरी जाताना यशवंतरावांनी मनात एक भाषण रचले. त्यात अज्ञान, रूढी आणि स्त्रियांचा हट्ट यांवर काही चांगली वाक्ये होती. सोजराबाई चुलीपुढे बसून शेंगदाण्याचा कूट घालून खिचडी परतत होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले, कढई खाली उतरवली आणि राखेकडे बघत विचारले, "म्हंजी म्या माझ्या हातानं पोरीला म्हैनाभर इख चारलं?"

भाषण जागच्या जागी विरले. "तू नाही, आई," यशवंतराव म्हणाले. "चिठ्ठी माझ्या खिशात होती."

आता खरा आहार सुरू करायचा होता, आणि नेमका श्रावण लागला होता. सोजराबाईंच्या घरात श्रावणात कांदा शिजला असता तरी भांडी बदलली असती; अंडी आणि मटण शिजणे अशक्य होते. त्या स्वतः नूरबींच्या दारात गेल्या. दोघींत काय बोलणे झाले ते कोणी ऐकले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून छबूची उकडलेली अंडी आणि सुका खिमा नूरबींच्या चुलीवर होऊ लागला. सोजराबाई ताट घेऊन नूरबींच्या उंबऱ्यापर्यंत जात आणि पोरीने ताटातले संपवेपर्यंत तिथेच पाठमोऱ्या बसत.

ही गोष्ट लपणारी नव्हती. श्रावणात अंडी खाणाऱ्या पोरीचे व्रत मोडले, हे गल्लीने दोन दिवसांत ताडले, आणि एक महिना रताळी-खजुरावर आवरून धरलेले तिचे सर्व वात्सल्य फुटलेल्या बांधासारखे लोटले. पोरीचे व्रत संपले आहे, मग तिच्या हातावर काही ठेवायला कसली हरकत? यशवंतरावांनी हरकत समजावून सांगायचे ठरवले. नागपंचमीच्या दिवशी ते आलेखकागद घेऊन ओट्यावर उभे राहिले आणि पिष्टाची साखर कशी होते, साखरेची चरबी कशी होते, हे त्यांनी अर्धा तास विशद केले. आक्काबाईंनी सबंध व्याख्यान मन लावून ऐकले. ज्या पोरीला असा बाप मिळाला तिची कीव येऊन त्यांनी व्याख्यान संपताच तिच्या हातावर तूप लावलेली पुरणपोळी ठेवली. छबूने वडिलांकडे पाहिले, पोळीकडे पाहिले, आणि जे कोणत्याही अकरा वर्षांच्या माणसाने केले असते ते केले. दुसऱ्या दिवशी नळी विटकरी. नवरात्राला आठ आठवडे उरले होते.

विज्ञानाचा असा पराभव झाल्यावर यशवंतराव अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडले. सोजराबाई घागर घेऊन नळावर गेल्या.

सोमवार होता. नळावर पंधरा-वीस बाया होत्या. आक्काबाईंनी जरा तोऱ्यातच विचारले की सोजराबाई, पोरीचा उपास मोडला म्हणायचा का? सोजराबाईंनी घागर खाली ठेवली.

"मोडला न्हाई. त्यो वरवरचा हुता. आता खरा धरलाय."

कुणाचा, असे विचारले गेले.

"बांधावरच्या आईचा," सोजराबाई म्हणाल्या. "आमच्या रानात तिचा दगुड हुता, तुमाला ठाव हाय. रान कंपनीत गेलं, दगुड भिंतीच्या आत राह्यला. ज्या रानात पिकत न्हाई तिथली देवी धान्य कशी खाईल? तवापासनं आईनं धान्य सोडलंय. धान्य न्हाई, धान्याची भावकी न्हाई. साबुदाणा, बटाटं, रताळं, समदी भावकी. गोड न्हाई, दूधबी न्हाई. कोंबडी, अंडं, पाला, ताक, एवढंच तिला चालतं."

"सराव‍णात कोंबडी?" आक्काबाईंचा आवाज चढला.

"रानातली देवी हाय. तिला म्हैनं शिकवायला तू जाती का?" सोजराबाईंनी घागर नळाखाली सरकवली. "आन एक. हे व्रत धरलेल्याच्या हातावर जो कुणी गोड ठेवील, त्याच्या घरातलं धान्य आई संगं घेऊन जाती."

जी गल्ली आलेखकागदाला बधली नव्हती ती या शेवटच्या कलमाने अर्ध्या मिनिटात सरळ झाली. तर्काची सक्ती करता येत नाही आणि भीतीला पुरावा लागत नाही. ज्यांनी स्वतःच्या रानावर दुसऱ्याची भिंत उठताना पाहिली आहे, त्यांना धान्य निघून जाणे म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. त्या संध्याकाळी छबू गल्लीतून गेली तेव्हा एकाही दारातून हाक आली नाही. उलट आक्काबाई हातातला लाडू पदराखाली लपवून आत पळाल्या.

यशवंतरावांना हे कळले तेव्हा त्यांच्या विवेकबुद्धीला झालेल्या यातना वर्णन करण्याजोग्या होत्या. खोटे व्रत, खोटी देवी, खोटा शाप. त्यांनी आईला तसे विचारलेही. सोजराबाई म्हणाल्या की दगुड खरा हुता, रान खरं हुतं, गेलं तेबी खरंच. उरलेलं तू तपास. यशवंतरावांनी तपासले नाही. लोक त्यांना व्रताचे नियम विचारू लागले की ते म्हणत, आईला विचारा, आणि हे उत्तर दोन्ही अर्थांनी खरे असल्याची टोचणी त्यांना लागे.

गल्ली एकदा राखण करायला लागली की तिच्याइतका निष्ठुर पहारेकरी नाही. वजीर गॅरेजसमोर कुल्फीची गाडी उभी राहू देईनात. गणपतीत मोदकांचे ताट छबूसमोरून गेले तेव्हा चार बाया तिच्याभोवती कडे करून उभ्या राहिल्या. रमजानात नूरबी रोज संध्याकाळी रोजा सोडताना छबूला शेजारी बसवत. स्वतः खजूर घेत आणि तिच्या पुढ्यात कबाब ठेवत. तुझा रोजा माझ्याहून कडक, असे त्या तिला सांगत, आणि छबूला त्याचा असा अभिमान वाटे की शाळेत कुणी चिक्की पुढे केली तर ती हात मागे घेऊन व्रताचे सर्व नियम भावकीसकट म्हणून दाखवी. हिंदुरावांनीही गाजावाजा न करता व्रत धरले. पैलवानाला देवीची आज्ञा पाळणे शोभते. पथ्य पाळणे शोभत नाही.

तिसऱ्या आठवड्यात नळी नारिंगी झाली. यशवंतरावांनी ती पाच वेळा पुन्हा तापवली. मग पिवळी. मग सलग नऊ दिवस हिरवी, जणू तिला तेवढाच रंग येत होता. त्या नऊ दिवसांत घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. गळू भरले. मानेवरचा पट्टा वजरीशिवाय फिका होऊ लागला. छबू मधल्या सुट्टीत धावली आणि दम लागल्याचे सांगायला घरी आली नाही, हे सोजराबाईंनी नळावर तीन वेळा सांगितले.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तिघेही चिंचवडला गेली. वजन चोपन्न भरले. डॉक्टर फरीदांनी नळीत औषध घेतले, आठ थेंब टाकले, दिव्यावर धरले. औषध उकळले. आणखी उकळले. ते आषाढातल्या मोराच्या मानेसारखे निळे राहिले. छबूने हळूच विचारले की सुई नाही ना, आणि डॉक्टरबाईंनी मान हलवली तेव्हा तिने वडिलांचे बोट सोडून दिले. यशवंतरावांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. तो स्वच्छ होता.

डॉक्टरबाईंना एक गोष्ट उमगेना. असा आहार त्यांनी आणखी सहा मुलांना लिहून दिला होता. एकाही घरी तो आठ दिवसांपलीकडे टिकला नव्हता; आजी, मावशी, शेजारीण, कोणीतरी घास भरवीच. तुम्ही गल्लीला समजावले तरी कसे, असे त्यांनी यशवंतरावांना विचारले. आपल्या व्याख्यानाचा उल्लेख करावा की नाही याचा यशवंतराव विचार करत होते, तेवढ्यात सोजराबाईंनी सगळी हकीकत सांगून टाकली: भिंतीआडचा दगुड, देवी, भावकी, शाप. यशवंतराव खाली मान घालून बसले. एवढ्या शिकलेल्या बाईंसमोर आपल्या घराची अब्रू गेली, अशी त्यांची खात्री झाली होती.

फरीदाबाईंनी टेबलावरची केसपेपरांची चळत उपसली, तळातून सहा कागद वेगळे काढले आणि एकेकावरचे नाव वाचले.

"आजी," त्यांनी विचारले, "यातली दोन मुलं मुसलमान आहेत, एक ख्रिश्चन आहे. तुमच्या देवीला चालेल?"

सोजराबाईंनी पदर सावरला. "तिला धान्य चालत न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "मानूस कंचंबी चालतंय. कागद हिकडं द्या, कुनाकुनाच्या आज्जीला गाठायचं ते सांगा."